सदतीस साक्षी, एक मूळ

या, जरा पुढे सरकून बसा. तिकडे मागे भिंतीला टेकलेत त्यांनीही यावं. लांबून ऐकलं की आवाज पोचतो, गोष्टीची ऊब पोचत नाही. आज एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. ती अजून घडायची आहे, अठरा-वीस वर्षांनी घडेल म्हणा. पण कीर्तनाला बसणाऱ्याला काळाची अशी उलटापालट नवी नाही. बुवा सत्ययुगातलं सांगता सांगता समोरच्या पानपट्टीवाल्याला हाक मारतात, आणि आपल्याला काही खटकत नाही. तेव्हा घडलं असंच धरून सांगतो. चित्त द्या.

तेरणी नदीच्या काठी बेलउतार नावाचं गाव. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. पूल होऊन ऐंशी वर्षं झाली, तरी नाव राहिलं. या गावात अनुसया दाभोळे नावाच्या बाई राहत. नगरपालिकेच्या वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केली, निवृत्त झाल्या, आणि दोनच नाद उरले. संध्याकाळी राममंदिरात कीर्तन आणि दिवसभर जनकोश.

जनकोश म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहिलेला मराठी शब्दकोश, इंटरनेटवरचा. कुणीही यावं, अर्थ लिहावा, खाली संदर्भ द्यावा. पटलं नाही तर शेजारच्या चर्चापानावर भांडावं. भांडण मिटवायला काही जाणकारांना ‘पारखी’ नेमलेलं असे. अनुसयाबाई पारखी होत्या, ‘श्रवणभक्ती’ या टोपणनावाने. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

हे तुम्हाला निवृत्त माणसाचं विरंगुळ्याचं काम वाटेल. पण त्या काळात मराठी बोलणारं प्रत्येक यंत्र अर्थ जनकोशातून घेत होतं. शाळेतला बोलका फळा, खिशातला फोन, कोर्टातलं टिपणयंत्र, सगळी. सकाळी जनकोशात एक ओळ बदलली की दुपारपर्यंत लाखो तोंडांतून ती बाहेर पडे. त्यामुळे तिथली भांडणं दिसायला किरकोळ आणि आतून फार खोल असत.

असंच एक भांडण सहा वर्षं चाललेलं. शब्द होता ‘ठावकरी’. जनकोशात अर्थ असा: ‘नदीच्या उतारावर वाटसरूंना खोल पाण्यात नेऊन लुटणारा. डाव्या पायात लोखंडी कडं घालत असे.’ खाली सदतीस संदर्भ. पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख, जिल्ह्याची माहितीपुस्तिका, एक प्रबंधसुद्धा.

आणि चर्चापानावर एकटी नलिनी ठावकरे.

‘माझी आजी सांगायची,’ ती लिही, ‘ठावकरी म्हणजे पाण्यात पुढे उतरून खोली बघणारा आणि माणसांना सुखरूप पार नेणारा.’

श्रवणभक्ती उत्तर देई, ‘आजींचं म्हणणं कोणत्या ग्रंथात आलं आहे? पान क्रमांक द्यावा.’

‘आजी ग्रंथात नाही, फोटोत आहे. हार घातलेल्या.’

‘कौटुंबिक साक्ष ग्राह्य नाही. नियम चार पाहावा. विरुद्ध बाजूला सदतीस संदर्भ आहेत.’

‘त्या सदतीस जणांपैकी पाण्यात कोण उतरलं होतं, तेवढं सांगा.’

यावर कुणीतरी हसरा चेहरा टाकी, कुणी ‘भावनिक होऊ नका’ म्हणे, आणि पारखीबाई चर्चा बंद करत. नियम म्हणजे नियम. ज्याला त्याला आपली आजी आणायची मुभा दिली तर कोश कसला, ती वाडीतली ओसरी झाली, असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

गंमत अशी, की ही नलिनी त्यांच्याच गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीची शिक्षिका. दर शनिवारी देवळाच्या पायऱ्यांवर भेटायची आणि परसातल्या चवळीच्या शेंगा पिशवीत घालून द्यायची. बाईंना ती कोण हे माहीत होतं. तिला बाई कोण हे नव्हतं.

एका शनिवारी नलिनी पायरीवर शेजारी टेकली.

‘दाभोळेबाई, तुमचं आयुष्य पुस्तकात गेलं. मला एक पुस्तक सांगा, ज्यात माझी आजी बरोबर असेल.’

‘का गं, काय झालं?’

‘येत्या सोमवारी धडा आहे, “आपलं गाव, आपले शब्द”. फळा आपणहून बोलतो, मी नुसती शेजारी उभी. फळा म्हणणार, ठावकरी म्हणजे माणसं बुडवून लुटणारा. एकतीस पोरं आधी फळ्याकडे बघतील, मग माझ्याकडे. पंधरा तारखेला धडे पाच वर्षांसाठी कायम होतात. म्हणजे पाच वर्षं, दर वर्षी नवी एकतीस.’ ती हसली. ‘माझा भाऊ म्हणतो, आडनाव बदल. मी म्हटलं, आडनाव बदललं की मग आम्ही खरंच काहीतरी केलं होतं असं होईल.’

बाईंनी शेंगांची पिशवी हातात घेतली आणि ‘बघते शोधून’ म्हणाल्या. शोधायचं त्यांच्या मनात नव्हतं. सदतीस संदर्भ होते.

आता यंत्राकडे वळू.

त्याच आठवड्यात जनकोशाला ‘उगम’ जोडण्यात आला. उगम काय करतो, हे समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. परीक्षेत दोन पोरांची उत्तरं बरोबर आली तर मास्तर काही म्हणत नाहीत. पण दोघांनीही सारखीच चूक केली, तीही चमत्कारिक, तर मास्तरांना कळतं की एकाने दुसऱ्याचं पाहिलंय. खरं सगळ्यांना वेगवेगळ्या वाटेने सापडू शकतं. विचित्र तपशील मात्र बहुधा एकाच ठिकाणाहून येतो. जुन्या पोथ्यांची घराणी अभ्यासक अशीच लावत. कुणी कुणावरून नक्कल केली, हे सारख्या चुकांवरून ओळखत.

उगम तेच करी, पण कोट्यवधी पानांवर आणि काही क्षणांत. प्रत्येक विधानाच्या अंगावरच्या खुणा तो बघे. शब्दांचा क्रम, एखादं जास्तीचं विशेषण, गळालेलं नाव. त्यांवरून वंशवृक्ष काढी, फांद्या मागे मागे नेत बुंध्यापर्यंत. कोणी संदर्भ लपवला असला तरी फरक पडत नसे. शेवटी सांगे, हे विधान किती जणांनी म्हटलं ते सोडा, किती जणांनी स्वतंत्रपणे म्हटलं ते ऐका.

आणि त्याचा दुसरा नियम जरा कडक होता. एखादं मूळ मुद्दाम रचलेलं निघालं, तर त्याच मुखातून आलेलं बाकीचं सगळं फिकं पडे. ज्याने एकदा रचलं त्याने आणखी कुठे कुठे रचलं, हे यंत्राला कसं कळावं? फिका संदर्भ कुणी पुसत नसे, पण यंत्रं मग त्याला विचारत नसत.

बाईंना उगम फार आवडला. दोन दिवस त्या लहान मुलासारख्या शब्दामागून शब्द घालत बसल्या. बारा संदर्भांचा एक अर्थ तीन मुळांवर आला, नवाचा नऊवरच राहिला. तिसऱ्या दिवशी सहज त्यांनी ‘ठावकरी’ घातला.

पडद्यावर सदतीस पानं उमटली. मग फांद्या मागे सरकू लागल्या. सदतीसच्या अकरा झाल्या, अकराच्या चार, चारांची एक. खाली ओळ आली: ‘समान खूण: डाव्या पायात लोखंडी कडं. स्वतंत्र मूळ: एक. पाक्षिक बेलपत्र, सदर “कीर्तनात वेचलेले शब्द”, लेखक “एक श्रोता”, ओळख अज्ञात. विरुद्ध मूळ: शून्य. अर्थ कायम.’

बाई खुर्चीतून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, पाणी न पिता परत आल्या.

बेलपत्र गावचंच पाक्षिक होतं, कधीच बंद पडलेलं. आणि ‘एक श्रोता’ म्हणजे बावीस वर्षांची अनुसया.

इतकी वर्षं विसरलेली ती संध्याकाळ त्यांना लख्ख आठवली. भार्गवबुवांचं कीर्तन. उत्तररंगात आख्यान लागलेलं, भक्त देवदर्शनाला निघालाय आणि उतारावर लुटारू आडवा येतो. बुवांनी लुटारू असा उभा केला की पहिल्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. ‘पायात लोखंडी कडं’ म्हणून बुवांनी पाय आपटला. डावा आपटला. तोंडाने डावा म्हटलंच नव्हतं. डावा हा शब्द अनुसयेने घरी जाऊन लिहिला, डोळ्यांनी पाहिलेला. पंचेचाळीस वर्षं सदतीस विद्वान तो डावा पाय उचलून नाचत होते.

बुवा आख्यानात पदरचं घालतात, हे बेलउतारात कुणालाही सांगावं लागत नसे. ती कीर्तनाची रीतच आहे. आमटीत मीठ घालावं तसं ते असतं, आणि ऐकणाऱ्याला चव कळते. पण कीर्तनातलं पदरचं कागदावर उतरलं की चव जाते आणि नुसती माहिती राहते. अनुसयेने भक्तीने लिहिलं होतं. बुवांच्या मुखातून आलं ते खोटं कसं असेल, एवढंच तेव्हा मनात होतं.

पण खरंच रचलं होतं का? कपाटात बुवांच्या दोनशे बारा कॅसेटी होत्या. सगळ्या त्यांनी स्वतः टेप केलेल्या, आणि पुढे जनकोशाच्या संग्रहात चढवलेल्या. चढवताना सुरुवातीचं खाकरणं, पेटीचे सूर जुळवणं कापून टाकलं होतं. मूळ कॅसेट त्यांनी शोधून लावली. पेटीचा सूर, कुणाचं तरी खोकणं, आणि मग बुवांचा हलका आवाज, पेटीवाल्या दत्तोबांशी:

‘दत्तू, आज एक लुटारू हवाय रे आख्यानाला. उतारावर कोण असायचं पूर्वी?’

‘ठावकरी असायचे की.’

‘ते लुटायचे?’

‘छे हो. पार न्यायचे.’

‘असू दे, नाव झकास आहे. आजच्यापुरतं घेऊ.’

आणि चिपळ्यांचा आवाज.

बाईंनी टेप थांबवला. त्यांना काय करायचं ते कळलं होतं, आणि ते केलं की काय होईल हेही. स्वतःची पारखीपदाची अकराशे निवाड्यांची पुण्याई जाईल, ते एक वेळ ठीक. पण भार्गवबुवा फिके पडतील. जनकोशात एकशे चाळीस शब्द असे होते, जे केवळ बुवांच्या कीर्तनांमुळे वाचले होते. चुलीचे, जात्याचे, गोठ्याचे, बायकांच्या बोलण्यातले. कुठल्याही पोराने फोनला ते विचारले की यंत्र बुवांच्या आवाजातली ओळ ऐकवी. तो आवाज बंद होणार होता.

आणि तो आवाज रोज ऐकणारं एक माणूस गावात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रमाकाकूंकडे गेल्या. काकू बुवांच्या पत्नी, वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून. ओट्यावर छोटं बोलकं यंत्र होतं. बुवांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि काकू रोज दूध तापवताना यंत्राला एक शब्द विचारत.

बाईंनी सगळं सांगितलं, कॅसेटही ऐकवली. काकूंनी दूध उतू जाईपर्यंत ऐकलं, मग गॅस बंद केला.

‘नको चढवूस,’ त्या म्हणाल्या.

‘काकू, तुमच्याकडे सगळ्या कॅसेटी आणून ठेवते. हव्या तेव्हा ऐका.’

‘कॅसेट ऐकायची म्हणजे गेलेल्या माणसाला ऐकायचं. हे विचारलं की उत्तर देतात. पलीकडची पोरगी काल फोनला काहीतरी विचारत होती, आणि त्यांच्या घरातून ह्यांचा आवाज आला. मी इथे बसून ऐकला. तुला काय सांगू अनसू.’

म्हाताऱ्या माणसाकडून एवढं हिरावून घ्यायचं, आणि तेही आपल्याच चुकीपायी. त्या जायला उठल्या.

‘कोण म्हणालीस ती मुलगी?’ काकूंनी मागून विचारलं.

‘नलिनी. ठावकऱ्यांची. सोमवारी वर्गात उभी राहणार आहे.’

काकू भांड्याखाली सांडलेलं दूध पुसत राहिल्या.

‘ह्यांच्या एका आख्यानात कजाग बायको होती. नवऱ्याला भजनाला जाऊ देत नाही, दाराला कडी लावते. ती मीच, असं ह्यांनी एकदा हसत सांगून टाकलं मंदिरात. लोक खूप हसले. मीही हसले. मग अकरा वर्षं भाजी घ्यायला गेले की कुणीतरी विचारायचंच, काय काकू, आज बुवांना कडी लावली का. मी सांगायची, अहो मी कधी लावली नाही. कुणी ऐकलं नाही. त्यांच्याकडे आवाज होता, माझ्याकडे भाजीची पिशवी.’

‘बुवांना सांगितलंत कधी?’

‘सांगितलं. वाईट वाटलं त्यांना. पुढच्या कीर्तनात काढून टाकलं ते. पण लोकांच्या डोक्यातून कोण काढणार.’ त्यांनी फडकं पिळून ठेवलं. ‘माणूस देवासारखा होता. पण गोष्ट रंगात आली की शेजारी कोण बसलंय ते दिसायचं नाही त्यांना.’

मग त्या यंत्राकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘वैल म्हणजे काय रे?’

यंत्रातून बुवांचा आवाज आला, भरदार, किंचित घोगरा: ‘चुलीच्या मागचं ते छोटं तोंड, वैल. पुढे भाकरी फुगतेय, सगळ्यांचं लक्ष तिकडे. आणि वैलावरची आमटी आपली मागे मंद शिजतेय, कुणी बघो न बघो. भक्ती अशी असावी.’

काकूंनी पुन्हा विचारलं नाही. पदराने ओटा पुसल्यासारखं केलं, जो आधीच पुसलेला होता.

‘जा,’ त्या म्हणाल्या. ‘मी बघत बसत नाही.’

शुक्रवारी दुपारी बाईंनी न कापलेली कॅसेट चढवली, खाली खरं नाव लिहिलं. ‘बेलपत्रातील “एक श्रोता” मी आहे. पारखी श्रवणभक्तीही मीच. हा अर्थ आख्यानासाठी कल्पिलेला होता. मी तो मागे घेते.’

उगमाला चार मिनिटं लागली. सदतीस पानं एकामागून एक विझली. मग बुवांचे एकशे चाळीस शब्द राखाडी झाले, वैलसकट. मग बाईंच्या निवाड्यांवर ‘फेरतपासणी’ असा शिक्का बसू लागला, आणि चर्चापानावर लोक जमले. ‘स्वतःच लिहायचं, स्वतःच पारखायचं, झकास धंदा.’ ‘या बाईंनी माझ्या मामाची साक्ष फेटाळली होती.’ ‘वय झालं की मोह आवरावा.’ बाईंनी सगळं शेवटपर्यंत वाचलं. एकालाही उत्तर दिलं नाही, कारण बहुतेकांचं बरोबर होतं.

ठावकरी या शब्दापुढे आता एवढंच होतं: ‘अर्थ निश्चित नाही. मुळं: शून्य.’ दत्तोबांचे शब्दही बुवांच्याच कॅसेटमधले, म्हणून तेही फिके पडले होते.

रविवारी सकाळी त्या नलिनीच्या दारात उभ्या राहिल्या. नलिनीने ते पान वाचलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

‘सहा वर्षं,’ नलिनी म्हणाली. ‘माझ्या शेंगा खात होतात, आणि घरी जाऊन मला नियम चार दाखवत होतात.’

‘हो.’

‘मला पान क्रमांक विचारलात तुम्ही, माझ्या आजीचा.’

‘हो. विचारला.’

‘आता काय सांगायला आलात? की उद्या फळा गप्प बसेल, एवढ्यावर मी खूश व्हावं?’

‘सांगायला नाही आले गं. ऐकायला आलेय. आजी काय सांगायची?’

नलिनी उंबऱ्यातच थांबली. ‘ऐकून काय करणार? ग्राह्य नाही ना ते.’

‘मी आता पारखी नाही. माझं ऐकणं कुठे लागू होत नाही. नुसतं ऐकायचंय.’

शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग नलिनीने आतून चटई आणून टाकली, स्वतः मात्र भिंतीला टेकून उभीच राहिली, आणि आधी रागारागाने, मग हळूहळू राग विसरत सांगू लागली. अनुसयाबाई ऐकत होत्या. पंचेचाळीस वर्षं कीर्तनाला बसलेल्या बाईंना ऐकता चांगलं येत होतं. योग्य जागी त्या ‘हं’ म्हणत होत्या.

नलिनीची आजी त्या घरात नवरी म्हणून आली, तेव्हा पूल नव्हता. लग्न पलीकडच्या गावी लागलं. वऱ्हाड परत निघून उतारावर आलं, आणि वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस होऊन तेरणी अवचित वाढली. अलीकडच्या काठावर उभी होती नवरीची सासू, चंद्रभागा ठावकरे. नवरा गेल्यावर उताराचं काम तीच करी. हातात वेळूची काठी, कमरेला पदर खोचलेला. ती मधल्या खडकापर्यंत आली, काठी घातली, आणि ओरडून म्हणाली, ‘आज नाही.’

स्वतःच्या मुलाचं वऱ्हाड होतं ते. गृहप्रवेशाचा मुहूर्त टळत होता. चंद्रभागेचे दीर भांडले, व्याही रुसले, कुणी म्हणालं, सुनेला अपशकुन करतेय. नेहमीचा उतार आहे, आमचे आम्ही येतो, असंही म्हणून झालं. ती पाण्यातून हलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, ‘आज नाही.’ तिसऱ्या दिवशीही. वऱ्हाडाने पलीकडच्या धर्मशाळेत तीन दिवस काढले, आणि नव्या सुनेने तीन दिवस सासूबद्दल नाही नाही ते ऐकलं.

चौथ्या दिवशी सकाळी चंद्रभागा आपणहून पार आली. कुणाशी बोलली नाही. नव्या सुनेचा हात धरला, आपल्या खांद्यावर ठेवला, आणि म्हणाली, ‘माझ्या पावलावर पाऊल टाक. पाणी किती आहे ते मी सांगते. तू खाली बघू नकोस, माझ्या पाठीकडे बघ.’ आणि पार होईपर्यंत ती बोलत राहिली: घोटा, घोटा, पोटरी, गुडघा, थांब, आता मांडी, भिऊ नकोस, पुन्हा गुडघा. मग परत फिरली आणि दुसऱ्याला आणलं. एकोणतीस माणसं तिने अशी आणली, तिला शिव्या घातलेलीही त्यात होती. दीर सगळ्यांत शेवटी आले, तिचा खांदा घट्ट धरून.

सोमवारी फळा त्या शब्दाशी आला आणि थांबला. नलिनीने एकतीस पोरांना हे सगळं सांगितलं, असंच. एका पोरीने विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे बाई? नलिनी म्हणाली, अजून नाही.

जनकोशात अजूनही ‘अर्थ निश्चित नाही’ असंच आहे. नलिनीच्या आजीचं एक मूळ मिळालं, पण ते घरचं; दुसरं स्वतंत्र मिळायला हवं, आणि अनुसयाबाई ते शोधत पलीकडच्या गावांतून फिरतायत, घरोघर, चटईवर बसून. मिळेल किंवा नाही मिळणार.

तोवर तुमच्याकडे एकच मागणं आहे. उठताना चपला शोधाल, प्रसाद घ्याल, घरी जाल. जाताना चंद्रभागा ठावकरेची आठवण ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे, सगळं वऱ्हाड तिच्यावर ओरडतंय, आणि ती म्हणतेय, आज नाही.